प्रस्तावना : आधी कर्ण मोजा

आष्ट्यात गणिताचा मास्तर असण्याने गावाची सोय होते आणि मास्तराची संध्याकाळ जाते. दिवेलागणीला कोणी ना कोणी चिठ्ठी घेऊन दारात उभे असते. "सर, तेवढं गुणून द्या की." चिठ्ठीवर कधी उसाच्या वजनाच्या पावत्यांची बेरीज, कधी भिशीचा हिशेब, कधी फरशीचे माप. एकदा दोन भाऊ आले. वाटणीत आलेला तुकडा त्यांनी टेप लावून मोजला होता. चारही बाजू 66 फूट. थोरल्याने गुणाकारही करून आणला होता : 66 गुणिले 66 म्हणजे 4356 चौरस फूट, गुंठ्याला 1089 चौरस फूट, तेव्हा बरोबर चार गुंठे. धाकटा म्हणत होता, तुकडा चार गुंठ्यांचा दिसत नाही. मी विचारले, "कर्ण मोजला का?" थोरला म्हणाला, "चार बाजू हाईत की सर. कर्ण कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत टेप धरला. तेही अंतर 66 फूटच भरले. म्हणजे तो चौरस नव्हताच. एका कुशीला कललेला समभुज चौकोन होता, 66 फूट बाजूचे दोन समभुज त्रिकोण एकमेकांना चिकटवल्यासारखा. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे 1886 चौरस फूट, दोहोंचे मिळून 3772. गुंठ्यांत सांगायचे तर 3.46. थोरल्याच्या हिशेबातले 584 चौरस फूट जमिनीवर कधी नव्हतेच, फक्त कागदावर होते. घरातली जुनी बाज आठवा. सांधे ढिले झाले आणि कोपऱ्यातून धक्का बसला की ती कलते. चारही लाकडे तेवढ्याच लांबीची राहतात, पण झोपायची जागा कमी होते.

या पुस्तकात भूमितीची आणि सांख्यिकीची प्राथमिक उदाहरणे पायरी पायरीने सोडवून दाखवली आहेत. नववी-दहावीची मुले त्याचे पहिले वाचक. पण प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा डोळ्यांसमोर मुलांच्या आधी ते दोन भाऊ आले. थोरल्याचा गुणाकार चुकला नव्हता, भागाकारही चुकला नव्हता. चुकली होती ती त्याने लिहिलीच नाही अशी एक ओळ : "चारही कोन काटकोन आहेत." ती ओळ कागदावर असती तर धाकट्याने लगेच बोट ठेवले असते. न लिहिल्यामुळे ती कोणाला दिसली नाही आणि तीच साडेपाचशेहून जास्त चौरस फूट खाऊन गेली. पायऱ्या लिहायच्या कशासाठी, याचे माझे उत्तर एवढेच आहे : आपली चूक दुसऱ्याला सापडावी म्हणून.

चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचा मोह फार जुना आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही रीत आजही शिवारात चालते. ब्रह्मगुप्ताने 628 साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात तिला स्थूल म्हणजे ढोबळ ठरवून बाजूला सूक्ष्म रीत दिली. पुढे 1150 साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त या दुखण्याचे मूळच दाखवले. त्याच चार बाजू ठेवून चौकोन हवा तितका कलवता येतो आणि दर वेळी क्षेत्रफळ बदलते. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच. हे सांगणारा माणूस आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात त्याच्या घराण्याचा शिलालेख आहे, आणि त्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. साडेआठशे वर्षे झाली, तरी आमच्या वर्गात दर वर्षी चार-पाच पिशाच निघतात. मास्तरही त्यात कधीमधी असतो.

दहावीच्या भूमितीत प्रमेयाची मांडणी ठरलेली असते : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मुले हे चार शब्द ओव्यांसारखे पाठ करतात आणि आकृती पाहिल्यावर विसरतात. त्यांना मी त्या तुकड्यावर नेतो. पक्ष म्हणजे टेपने खरोखर मोजलेले : चार बाजू, एवढेच. साध्य म्हणजे विचारलेले : क्षेत्रफळ. रचना म्हणजे जमिनीवर नसलेली पण आपण आखलेली रेषा : कर्ण. सिद्धता म्हणजे पक्ष आणि रचना यांवरून साध्यापर्यंतची वाट, आणि त्या वाटेवर प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. थोरल्याने पक्षात न दिलेली गोष्ट घुसडली होती. वहीतल्या दहा चुकांपैकी सात-आठ याच जातीच्या असतात. आकृतीत दोन रेषा समांतर दिसतात म्हणून मुलगा समांतर धरतो, कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो 90 अंशांचा लिहितो. कारणाच्या कंसात "आकृतीवरून दिसते" असे लिहायचा धीर त्याला होत नाही, मग तो कंसच गाळतो. मोकळा कंस दिसला की तिथे काहीतरी लपले आहे असे समजावे.

भूमी अभिलेख खात्याचे जुने टिपण ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. शेत कितीही वेडेवाकडे असो, मोजणीदार त्यातून एक लांब रेषा नेतो आणि प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाकतो. सगळे शेत काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत फाटते, मग एकेकाचे क्षेत्रफळ काढून बेरीज. आपल्या तुकड्यात कर्ण 66 फूट आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पडणारे लंब 57.16 फूट. कर्णाची निमपट गुणिले लंबांची बेरीज, म्हणजे 33 गुणिले 114.32. उत्तर पुन्हा 3772 च्या घरातच. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो की छातीवरचा दगड उतरतो. म्हणून या पुस्तकात जिथे जमेल तिथे एकच उदाहरण दोन रीतींनी सोडवले आहे.

एककाची पायरीही अशीच गाळली जाते. 1853 पासून नगरपालिका असलेल्या आमच्या गावात घराची जागा चौरस फुटांत बोलतात, शिवारात गुंठा चालतो आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. जुनी साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16, आणि साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. आर मात्र 100 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 1076 चौरस फुटांचा. गुंठा आणि आर इतके जवळचे आहेत की माणसे "40 आर म्हणजे एकर" असे सर्रास बोलतात. 40 आर आणि 40 गुंठ्यांत सुमारे 500 चौरस फुटांचा फरक पडतो, एका बऱ्यापैकी खोलीचा. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहिले आहे आणि एकक जिथे बदलते तिथे वेगळी ओळ घेतली आहे. वाचकाला ती ओळ फालतू वाटेल. वाटू द्यावी.

भूमितीत कारण लपते, तसा सांख्यिकीत प्रश्नच लपतो. वाळवा तालुक्यात एकरी 100 टन ऊस काढण्याचे वेड आहे, म्हणून उदाहरण उसाचेच घेतो. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. एका वस्तीवरच्या सात शेतकऱ्यांचा एकरी उतारा टनांत असा : 38, 40, 41, 43, 44, 46 आणि 105. बेरीज 357, भागिले 7, मध्य 51. गणित बरोबर आहे. पण "इथे सरासरी 51 टन निघतो" असे कोणी म्हणाले तर सातांतले सहा जण हसतील, कारण त्यांतल्या एकाचाही ऊस 51 पर्यंत गेलेला नाही. चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला 43. हा मध्यक. तीन जण त्याच्या खाली, तीन वर. आता आणखी एक गोष्ट विचारू. पहिल्या सहा जणांचा ऊस एकेक एकर आहे आणि 105 टनवाल्याने हौसेने केलेला प्लॉट फक्त 10 गुंठ्यांचा आहे, तर? मग वस्तीवरचा एकूण ऊस 252 अधिक 26.25, म्हणजे 278.25 टन आणि क्षेत्र 6.25 एकर. एकरी 44.52 टन.

51, 43 आणि 44.52. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. किती गाड्या लागतील याचा अंदाज कारखान्याच्या शेतकी खात्याला हवा असेल तर 44.52. आपण शेजाऱ्यांच्या मानाने कुठे आहोत हे शेतकऱ्याला पाहायचे असेल तर 43. आणि 51? तो आकडा बियाण्याच्या जाहिरातीच्या फलकावर शोभेल. मुलांना मध्य, मध्यक आणि बहुलक काढता येतात. कोणता काढायचा हे ठरवायची पायरी मात्र त्यांच्या वहीत नसते, कारण परीक्षेत ते प्रश्नानेच ठरवून दिलेले असते. या पुस्तकात प्रत्येक सांख्यिकीच्या उदाहरणाच्या पहिल्या ओळीत "हे कोणाला आणि कशासाठी हवे आहे" ते लिहिले आहे. गुण त्याला मिळणार नाहीत, पण ती ओळ गाळू नये.

हाच मध्य गृहीतमध्य पद्धतीने काढून पाहा, कारण मुलांना ती रीत उगाच घातलेला घोळ वाटते. मनाशी 44 धरा. प्रत्येक आकडा त्याहून किती कमी-जास्त ते लिहा : उणे 6, उणे 4, उणे 3, उणे 1, शून्य, अधिक 2, अधिक 61. बेरीज 49, भागिले 7, म्हणजे 7. 44 अधिक 7, 51. बाजारात पोती मोजणारा जुना दिवाणजी असाच बेरीज करायचा : एक ठरावीक वजन धरून फक्त वरखाली मोजायचे. या रीतीत एक गोष्ट आयती दिसते. सहा जणांचे वरखाली मिळून उणे 12 आणि एकट्याचे अधिक 61. मध्य वर कोणी ओढला ते पायरीनेच सांगितले, उत्तराने सांगितले नसते.

सरासरीची फसगत पाहायला दूर जायला नको. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. दोहोंची सरासरी तीन हजारांच्या आसपास येते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडत नाही. त्या आकड्यावर माणमध्ये भात लावणारा बुडेल आणि महाबळेश्वरात छप्पर शाकारणाराही.

भूमिती आणि सांख्यिकी एकाच पुस्तकात का बांधली, असे एका स्नेह्याने विचारले. शाळेत एक विषय भाग दोनमध्ये आहे, दुसरा भाग एकच्या शेवटी. उत्तर म्हणून मी त्यांना आमच्याच बाजूच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी जन्मले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला संख्याशास्त्र शिकायला गेले, आणि पुढे 1951 पासून जवळजवळ वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. त्याआधी, 1940 च्या दशकात, देशात किती धान्य पिकते हे कसे मोजायचे या प्रश्नावर ते दिल्लीत काम करत होते. सगळे शेत कापून तोलणे अशक्य. मग शेते चिठ्ठ्या टाकून निवडायची, निवडलेल्या शेतातही जागा तशीच निवडायची, तिथे ठरावीक मापाचा तुकडा आखून कापायचा, मळायचा, तोलायचा. पीक कापणी प्रयोग तो हाच. आज पीक विम्याची भरपाई ठरते त्याच्या मागेही हेच प्रयोग आहेत.

प्रश्न होता, तुकडा केवढा घ्यायचा? प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत लहान तुकड्यांचा वापर होता : कमी खर्च, कमी वेळ, जास्त जागा. सुखात्म्यांनी 1946 साली 'नेचर' या नियतकालिकात लिहून दाखवले की लहान तुकड्यांतून उतारा खऱ्याहून जास्त दिसतो. याचे कारण भूमितीत आहे. आखलेल्या कडेवर उभे असलेले धाट आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लबाडीने नाही, सवयीने. म्हणजे चूक कडेवर होते, आणि कड जितकी जास्त तितकी चूक जास्त.

आता मोजून पाहू. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या. परीघ 12.57 फूट आणि क्षेत्रफळ 12.57 चौरस फूट. आकडे तेच येतात, कारण त्रिज्या 2 असली की 2 पाय आर आणि पाय आर वर्ग सारखेच होतात. म्हणजे दर फूट कडेमागे आतली जागा फक्त एक चौरस फूट. आता 33 फूट गुणिले 16.5 फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याचा आयत घ्या. त्या काळी मोठ्या तुकड्याचे माप हेच असे. परिमिती 99 फूट, क्षेत्रफळ 544.5 चौरस फूट. दर फूट कडेमागे आतली जागा साडेपाच चौरस फूट. तीच सवय, तोच हात, पण चुकीचा वाटा साडेपाचपट कमी. देशाच्या धान्याचा अंदाज चुकतो की बरोबर येतो, हे परिमिती भागिले क्षेत्रफळ या सातवीतल्या गणितावर येऊन थांबले होते. महालनोबिस आणि सुखात्मे यांचा वाद चांगलाच रंगला. दोघांनीही आपापल्या पायऱ्या उघड मांडल्या होत्या म्हणून तो वाद घालता आला. नुसते आकडे मांडले असते तर नुसते भांडण झाले असते.

गवंडीही भूमिती करतो, फक्त कंस लिहीत नाही. पाया आखताना दोन दोऱ्या ताणतो, एकीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवतो. पाच भरले की चुन्याची फक्की टाकतो. मी वर्गात विचारतो, हे कशाच्या आधारे? सगळे ओरडतात, पायथागोरसचे प्रमेय. नाही. प्रमेयात काटकोन आधी माहीत असतो आणि बाजू शोधायची असते. गवंड्याला बाजू माहीत आहेत आणि काटकोन शोधायचा आहे. म्हणजे तो प्रमेयाचा व्यत्यास वापरतो. फरक शब्दांचा वाटतो, पण तो पक्ष आणि साध्य यांच्या अदलाबदलीचा आहे, आणि "पाऊस पडला की रस्ता ओला होतो" यावरून "रस्ता ओला म्हणजे पाऊस पडला" असे धरणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा. रस्त्यावरून नुकताच पाण्याचा टँकर गेलेला असू शकतो.

आता पुस्तक कसे वापरावे याविषयी. उत्तरे शेवटच्या पानावर नाहीत, प्रत्येक उदाहरणाखालीच आहेत. ती लपवण्यात मला अर्थ वाटला नाही. उत्तर आधी पाहा, मग पान झाका आणि तिथवरची वाट स्वतः लिहा. लिहिल्यावर माझ्या पायऱ्यांशी ताडून पाहा. तुमची एक पायरी माझ्याहून कमी असेल तर ती तुम्हाला नको होती की तुमच्या नजरेतून सुटली, हे स्वतःला विचारा. जास्त असेल तर ठेवा, दोष नाही. सांख्यिकीच्या सारण्यांत वर्गमध्य, वारंवारता, दोहोंचा गुणाकार असे वेगवेगळे रकाने सोडले आहेत, त्यांतली बेरीज आधी वारंवारतेची करा. ती मुलांच्या किंवा शेतांच्या एकूण संख्येइतकी आली नाही तर पुढे जाऊ नका. भूमितीत कच्ची आकृती हाताने काढा, पट्टी लावू नका. पट्टीने काढलेली आकृती फार खरी वाटते आणि माणूस पक्षाऐवजी तिच्यावर विश्वास ठेवू लागतो. काही उदाहरणांत मी मुद्दाम चुकीची पायरी ठेवली आहे आणि चूक कोणत्या ओळीत आहे तेवढेच विचारले आहे. मुलांना ही उदाहरणे सगळ्यात आवडतात, दुसऱ्याची चूक काढायला कोणाला आवडत नाही? हळूहळू तीच नजर स्वतःच्या वहीकडे वळते.

परीक्षेत पायरीला गुण असतात, हे खरे. पण गुणांसाठी लिहिलेली पायरी आणि समोरच्या माणसासाठी लिहिलेली पायरी यांत फरक पडतो, आणि तपासणाऱ्याला तो कळतो.

त्या दोघा भावांचे राहिलेच. कर्णाचा हिशेब मी एका कागदावर करून दिला आणि शेवटी गोल करून लिहिले, 3.46 गुंठे. थोरल्याने आकडा पाठ केला आणि उठला. धाकटा बसूनच राहिला. म्हणाला, "आकडा नको सर, कागद द्या. घरी आईला दाखवाया लागंल, ती एकेक वळ विचारंल." थोरला दारातून परत आला आणि त्याने तोच कागद आपल्या मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. वाटणी पुढे कशी झाली ते मी विचारले नाही. पण हे पुस्तक त्या कागदाच्या बेताने लिहिले आहे : घरातल्या कोणालाही एकेक ओळ विचारता यावी, आणि ज्याने लिहिले त्याला प्रत्येक ओळीचे उत्तर देता यावे.

आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली